ट्यूबावाल्याचा भूकंप

सोमवार, ६ मे

संध्याकाळी पाव-आवोकाडो पुढ्यात असताना जमीन हलली. दिव्याने दोन-चार झोके घेतले, कपाटातल्या बशा एकमेकींशी कुजबुजल्या आणि थांबले. आमच्या इकीके गावात याला कोणी भूकंप म्हणत नाही. भूकंप म्हणवून घ्यायला निदान एखादी भिंत तरी पडावी लागते.

यानंतर इथल्या घराघरांत एकच विधी होतो. खुर्चीतून कोणी उठत नाही. प्रत्येक जण किती रिश्टर झाला याचा आकडा सांगतो. मग रेडिओ खरा आकडा सांगतो आणि हरणारा दुसऱ्या सकाळी पाव आणायला जातो. लग्नाला एकोणीस वर्षे झाली. पाव मीच आणतो. एर्सिलिया लोणी लावता लावता म्हणते, "चार पूर्णांक सात, आणि खोल आहे," आणि थोड्या वेळाने राजधानीतली वेधशाळा तिच्याशी सहमत होते.

आज मी म्हटले, "पाच पूर्णांक दोन." समोरची खुर्ची रिकामी. बाईसाहेब फोन घेऊन मागच्या अंगणात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा गाल लाल.

"तुझा आकडा?"

"अं? पाच."

पाच! एकोणीस वर्षांत तिने मला कधी नुसता पूर्णांक दिला नव्हता. बाईचे मन दुसरीकडे असल्याशिवाय दशांश असा गळून पडत नाही.

हे लिहितो आहे कारण या घरात देवनागरी मला एकट्यालाच येते. संस्कृतात एम. ए. झालेला माणूस चिलीच्या वाळवंटात मुक्त बंदरातल्या सिंधी शेटजींची पत्रे लिहायला आला आणि गावच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर होऊन बसला, यात दैवाचा काही हेतू असेल तर तो एवढाच असावा की संशय लिहून ठेवायला एक सुरक्षित लिपी मिळावी.

गुरुवार, ९ मे

संपादक पालमिरा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे आणि माझ्याशी शाळामास्तरणीसारखी बोलते. "दोन वामान, तो ट्यूबावाला पाहिलात का?" ('दोन' म्हणजे इथले 'श्रीयुत', बाईमाणसाला 'दोन्या'; वामान म्हणजे मी.)

पाहिला कसा नसेल? बालदोमेरो गोदोय. जुलैत ला तिरानाच्या देवीपुढे जी नृत्यमंडळे नाचतात, त्यांतल्या एकाच्या बँडमध्ये तो ट्यूबा वाजवतो. ट्यूबा म्हणजे ते अंगाभोवती अजगरासारखे वेटोळे घालणारे पितळी वाद्य. विधुर, रुंद छाती, मिशा पिळलेल्या. इथल्या डिसेंबरातल्या उन्हाळ्यापासून रोज सकाळी स्वयंपाकघरात फोनच्या कॅमेऱ्यापुढे बसून तो गावाला भूकंपाचे भाकीत सांगतो. तीनदा बरोबर आले. आता निम्मा गाव त्याचे ऐकून मगच आंघोळीला जातो, कारण साबण लावलेल्या अवस्थेत रस्त्यावर धावणे कोणालाच आवडत नाही.

विद्यापीठातल्या भूकंपतज्ज्ञाला फोन केला. तो म्हणाला, "आपल्या किनाऱ्यावर आठवड्यातून दोनदा तरी हलतंच. हे भाकीत म्हणजे उद्या कुत्रं भुंकेल म्हणण्यासारखं आहे. आणि भुंकलं की लोक म्हणणार, बघा, सांगितलं नव्हतं?"

शास्त्र माझ्या बाजूला आहे हे ऐकून बरे वाटले. मग आठवले की त्या नृत्यमंडळाचे पोशाख एर्सिलिया शिवते. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी मापे घ्यायला त्यांच्या सभागृहात जाते. हे मला गेली सहा वर्षे ठाऊक आहे. आज प्रथमच कळले.

सोमवार, १३ मे

मुलाखत घेतली. बालदोमेरो फडक्याने ट्यूबा पुसत होता. आवाज सतरंजी अंथरल्यासारखा.

"तुम्हाला कळतं कसं?"

"मला नाही कळत, दोन वामान. एका माणसाच्या कानात आधी वाजतं. मी फक्त लोकांना सांगतो."

"कोणाच्या?"

"शब्द दिलाय."

"म्हणजे तो माणूस अस्तित्वात नाही, असं लिहू?"

तो लाजला. पासष्टीच्या आसपासचा माणूस, मिशा पिळून, लाजला! "लिहा. मला चालेल," म्हणाला.

निघताना दारापर्यंत सोडायला आला. "एर्सिलियाचं डोकं आता बरं आहे ना? मंगळवारी फार दुखत होतं."

मंगळवारी माझ्या बायकोचे डोके दुखत होते. बातमी मला ट्यूबावाल्याकडून मिळाली.

घरी येऊन विचारले. म्हणाली, "दुखलं थोडं. तुला काय सांगायचं? तू म्हणाला असतास, डोकं आहे याचा पुरावा मिळाला."

म्हणालो असतो, हे खरे आहे. वाक्य चांगले आहे.

शनिवार, १८ मे

माझे सदर छापून आले. आपल्याकडच्या कर्णपिशाच्चाला मी स्पॅनिशमध्ये आणले आणि मथळा दिला: 'कानातलं भूत'. लिहिले की आमच्या पूर्वजांनी भूकंपाचे वायूचा, अग्नीचा, इंद्राचा आणि वरुणाचा असे चार प्रकार मानले होते. इकीकेने त्यांत ट्यूबाचा हा पाचवा घातला. ज्यांच्या कानात पृथ्वी कुजबुजते त्यांनी आधी कान धुऊन घ्यावेत, असा सल्लाही दिला.

गाव खो खो हसला. बेकरीतल्या मुलीने मला पाव फुकट दिला. मासळीवाली दोन्या क्लोतिल्दे रस्त्यापलीकडून ओरडली, "काय हो दोन वामान, माझ्या कानात आज भूत म्हणतंय की बांगडा स्वस्त करू नको!"

एर्सिलियाने लेख दोनदा वाचला. माझे लेख ती एकदाही पूर्ण वाचत नाही.

"तो मूर्ख आहे असं म्हणतोस, की ज्याला ज्याला असं काही जाणवतं तो प्रत्येक जण?"

"प्रत्येक जण," मी उदारपणे म्हटले.

"बरं," म्हणाली. मासा गार झाल्यावर वाढला. स्वतः खाल्लाच नाही; कानात कापसाचा बोळा घालून शिलाई मशीनवर जाऊन बसली. वाऱ्याने त्रास होतो म्हणे. वारा नव्हता.

त्याची एवढी बाजू! उपहास त्याचा आणि उपवास हिचा.

बुधवार, २२ मे

ट्यूबावाल्याने आज कमाल केली. रविवार, दोन जून, दुपारी. मोठा. "समुद्र आत येईल असा," म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज थरथरत होता. नट चांगला आहे.

दुपारपर्यंत गाव उलटापालटा. पाण्याच्या बाटल्या संपल्या, मेणबत्त्या संपल्या, मग कोणीतरी नगरपालिकेकडून जाहीर करवले की असे भाकीत करता येत नाही, घाबरू नका. त्याबरोबर डबाबंद दूधही संपले. अधिकारी नाही म्हणताहेत म्हणजे नक्कीच, हे इथले तर्कशास्त्र आहे आणि ते अगदीच निराधार आहे असे मी वार्ताहर या नात्याने म्हणू शकत नाही. शेजारच्यांनी चिनी मातीची भांडी जमिनीवर मांडली आहेत आणि चहा प्यायला उकिडवे बसतात. एका जोडप्याने जूनच्या शेवटाचे लग्न अलीकडे ओढले. नवरी म्हणाली, "मरायचंच असेल तर नाव लावून मरते."

रात्रीचे जेवण चालू असताना एर्सिलिया म्हणाली, "म्हाताऱ्या, रविवारी माझ्याबरोबर वर पठारावर येशील?"

"त्याच्या बँडच्या तालावर? माझा भूकंप मी घरीच घेईन."

"मी थट्टा करत नाहीये."

"तीच तर अडचण आहे."

तिने माझी बशी उचलून नेली. त्यात अजून भात होता.

मंगळवार, २८ मे

वार्ताहराने पडताळणी करावी, म्हणून संध्याकाळी सभागृहाजवळून गेलो. (सभागृह माझ्या वाटेवर नाही.) खिडकी उघडी होती. एर्सिलिया खुर्चीत, डोळे मिटून, एक हात कानावर. आणि तो पिळलेल्या मिशांचा राक्षस तिच्यापुढे गुडघ्यावर! तिचा दुसरा हात त्याच्या हातात. ती काहीतरी पुटपुटत होती आणि तो मान हलवत होता. मग त्याने खिशातून रुमाल काढून तिला दिला. ती रडत होती.

लग्नाची मागणी घालताना मी गुडघ्यावर बसलो नव्हतो. पँट नवी होती.

घरी आल्यावर तिला विचारले, "आज काय मापं घेतली?"

"बाह्यांची," म्हणाली.

शुक्रवार, ३१ मे

पलंगाखाली तिने बांधलेली पिशवी सापडली. तिच्यात पाणी, बिस्किटे, तिची लोकरी शाल, तिच्या आईचा फोटो आणि पुरुषी बुटांचा एक जोड. बूट माझेच जुने आहेत, तळवे नवे लावलेले. पण बालदोमेरोचा पायही साधारण तेवढाच दिसतो.

तिला झोप नाही. सकाळी दोनदा उलटी केली. पापाचे भय, दुसरे काय. अलंकारशास्त्रात आम्ही शिकलो होतो की अनुरागाची लक्षणे म्हणजे कृशता, जागरण, अश्रू आणि मौन. चारही आहेत. पाचवे म्हणजे माझ्याकडे टक लावून पाहणे. ते कोणत्या यादीत बसते ते आठवत नाही.

रविवार, २ जून

क्रमाने लिहितो.

सकाळी ती एकटी निघाली. दारात थांबली. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. ते माझेच होते आणि कालचे होते. मग पालमिराचा फोन आला: "अर्धा गाव वर आहे आणि आमचा वार्ताहर खाली? समुद्राची मुलाखत घेताय का?" तेव्हा कचेरीच्या गाडीतून गेलो.

वरच्या पठारावर जत्रा भरली होती. खुर्च्या, थर्मास, पिंजऱ्यातले पोपट, चाकाच्या खुर्चीतली आजारी माणसे. खाली वाळूच्या कड्याला टेकलेले गाव आणि त्यापुढे समुद्र, अगदी निष्पाप. नृत्यमंडळाचा बँड एका ट्रकवर उभा राहून देवीची गाणी वाजवत होता. मला गाडीतून उतरताना पाहून एर्सिलियाचा चेहरा असा उजळला की मला मागे वळून बघावे लागले. बालदोमेरो माझ्या पाठीमागेच, ट्रकवर उभा होता.

दुपार झाली. सगळे गप्प. पोपटसुद्धा. काही झाले नाही. लोकांनी एम्पानादा, म्हणजे इथल्या तिखट करंज्या, खाल्ल्या. तरी काही झाले नाही. ऊन कलले, मुले रडू लागली, आणि मग जे हलायला हवे होते ते माणसांत हलू लागले.

"आईला पाठुंगळी घेऊन आलोय मी!" एक जण ट्रककडे ओरडला. "ऑक्सिजनची नळकांडी वर ओढून आणली, गोदोय!"

"माझी टोपलीभर मासळी नासली!" दोन्या क्लोतिल्दे कडाडली. "आणि तू वर पों पों करतोस?"

पहिला पाव ट्यूबावर आदळला. घंटेसारखा आवाज आला. मग पावांचा पाऊसच. बालदोमेरो ट्यूबा छातीशी धरून उभा राहिला. हललाही नाही.

मला झालेला आनंद इथे नोंदवतो, कारण खोटे लिहायला ही जागा नाही. ध्वनिमुद्रक पुढे करून मी ट्रकपाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "आता तरी सांगा, दोन बालदोमेरो. कोणाच्या कानात वाजतं?"

त्याने माझ्याकडे पाहिले. त्यात राग असता तर मला चालले असते. "तुम्ही नका विचारू," म्हणाला. "निदान तुम्ही तरी."

"का? मीच का नको?"

तेवढ्यात कोणीतरी माझ्या खांद्याला धरून मला बाजूला सारले आणि ट्रकवर चढले. एर्सिलिया होती.

"त्याला काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पोहोचला. "मला येतं. माझ्या कानात वाजतं. तारीख मी सांगितली. चुकले असेन तर मी चुकले. तुम्ही जिवंत राहावं म्हणून सांगितलं."

 मग मागून एक जण हसला आणि म्हणाला, "कानातलं भूत!" दुसऱ्याने ते उचलले. मग सगळ्यांनी. टाळ्यांच्या ठेक्यावर, खेळाच्या मैदानात ओरडतात तसे. "का-ना-त-लं भूत!"

"अगं बाई, ही तर पेपरवाल्याची बायको!" दोन्या क्लोतिल्दे म्हणाली. "म्हणजे यानेच हिला छापली होती की!"

एर्सिलिया गर्दीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. बालदोमेरो तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि उरलेले पाव त्याच्या पाठीवर बसले. मी जिथे होतो तिथेच होतो. यंत्र चालू होते. बंद कसे करतात ते आठवेना.

मंगळवार, ४ जून

ती आतल्या खोलीत असते. शिवते. जेवण माझ्यासाठी करून ठेवते, हे सर्वांत वाईट.

काय सांगू, या लिपीला तरी? तिचा त्या माणसाशी काही संबंध नव्हता, हे कळल्यावर हायसे वाटायला हवे होते. उलट आतून सोलून निघाल्यासारखे झाले आहे. चोरून हात धरला असता तर मला भांडता आले असते. इथे चोरून काय दिले होते, तर भय. ते तिने त्याला दिले आणि मला मासा दिला.

आज सकाळी पुन्हा हलले, बऱ्यापैकी. रेडिओने आकडा सांगितला. घरात कोणी बोलले नाही. अर्ध्या तासात दारावर रांग. रविवारी पाव फेकणारे आज अंडी घेऊन आले होते.

"दोन दिवसांचा तर फरक!" शेजारी म्हणाला. "एवढं तर रेल्वेचंही चुकतं."

"सेन्योरा एर्सिलियांना विचारा ना, पुढचा केव्हा? मुलीची प्रसूती आहे."

"बाई घरी नाहीत," मी म्हटले. आतून मशीनचा खडखडाट येत होता. लोक शहाणे, अंडी ठेवून गेले.

पालमिराचा फोन: "दोन वामान, पहिलं पान तुमचं. 'भूकंपवालीचा नवरा.' घरातली गोष्ट, तुमच्या त्या मिस्कील शैलीत. राजधानीचे पेपरही उचलतील." वार्ताहराच्या जन्मात असे पान एकदाच येते. उद्यापर्यंत कळवतो म्हटले.

शुक्रवार, ७ जून

बालदोमेरोच्या घरी गेलो. त्याने भाकिते बंद केली आहेत. फोनवर लोक शिव्या देतात किंवा पुढची तारीख मागतात. तो म्हणतो, दोन्हींचा सूर एकच असतो. मला कॉफी दिली. पोचे आलेला ट्यूबा कोपऱ्यात होता.

"तिने तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

त्याने कोपऱ्याकडे पाहिले. "काही नाही म्हणालो. वाजवत होतो, तो ट्यूबा खाली ठेवला."

"बस्स?"

"जड असतो, दोन वामान. खाली ठेवला की लोकांना वाटतं, हा आता बराच वेळ उचलणार नाही."

मी कप खाली ठेवला. मग जे विचारायला आलो होतो ते विचारले. "तुमचं तिच्यावर प्रेम आहे?"

"आहे," तो म्हणाला, कोणी घड्याळातली वेळ विचारावी आणि सांगावी तसे. "पण ते तिने कधी विचारलं नाही. ती तुमच्याबद्दलच बोलायची. तुम्हाला कसं सांगावं, याबद्दल. सात महिने मी तेच ऐकतोय. अमुक शब्दात सांगितलं तर तो हसेल का, तमुक शब्दात सांगितलं तर. त्या मंगळवारी आम्ही सराव केला. मी तुम्ही झालो होतो."

"आणि?"

"मला तुमच्यासारखं हसता येईना. ती रडायला लागली."

कॉफी चांगली होती. त्याचा मला रागही धड धरता येत नाही, याचा मला फार राग येतो आहे.

रविवार, ९ जून

पालमिराला कालच सांगितले, लेख नाही.

"मग सदर तरी चालू ठेवाल?"

"तेही नको."

"बायकोने धाक घातला वाटतं?"

"तिने घातला असता तर बरं झालं असतं," मी म्हटले आणि फोन ठेवला.

आज दुपारी आतल्या खोलीच्या दाराशी गेलो. ती सैतानाच्या नाचाचा लाल झगा शिवत होती. लाल रंग खोलीभर पसरला होता. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून उंबऱ्यावरच बसलो. नवी पँट होती. ती बघत राहिली. मशीन थांबवले नाही.

"अंडी किती दिवस खायची आपण?" शेवटी म्हणाली.

"मी परत करतो."

"नको. माणसं घाबरलेली आहेत." मग सुईखालचे कापड सरळ केले. "तुला सांगितलं असतं ना, तर शनिवारी छापून आलं असतं. विनोदी सदरात."

"आलं असतं," मी म्हटले.

"निदान खोटं तरी बोल."

"एर्सिलिया, मला त्याचा इतका हेवा वाटतोय की जेवण जात नाही."

मशीन थांबले. "कोणाचा? बालदोमेरोचा?" ती प्रथमच नीट माझ्याकडे वळली. "त्याने माझ्यासाठी पाव खाल्ले पाठीवर, म्हणून?"

"तुला काय होतं ते त्याला ठाऊक आहे, म्हणून."

ती किती तरी वेळ हातातला धागा बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्येच नको."

"नाही हसणार."

"एखादं संस्कृत वचन?"

"एकही आठवत नाही."

"बरं," म्हणाली. कानातला बोळा काढून झग्यावर ठेवला आणि सांगायला लागली. समुद्रावरचे धुके खिडकीत येऊन बसले तरी सांगत होती. मी बोललो नाही. दोनदा मोह झाला, दोन्ही वेळा जीभ चावली, अजून दुखते आहे.

तिने काय सांगितले ते इथे लिहिणार नाही. ही लिपी या घरात कोणाला येत नसली तरी नाही. त्या ट्यूबावाल्याने सात महिने तोंड मिटून ठेवले; पावांचा मारा झाला तरी उघडले नाही. एवढ्या एका बाबतीत तरी मी त्या माणसाच्या मागे पडणार नाही.